बुडालेले चार गठ्ठे

१

पाणी ओसरल्यानंतर चौथ्या दिवशी तळमजल्यावरचं ते लोखंडी कपाट उघडलं. आतून जे दिसलं त्याला गाळ म्हणावं की कागद, हे ठरवायला जवळ जावं लागलं असतं, आणि जवळ कुणी गेलं नाही. प्राचार्य नाकाला रुमाल लावून दारातच थांबले. परीक्षा विभाग सांभाळणाऱ्या परीक्षाबाई चपला हातात घेऊन त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. एकटे विभागप्रमुख दोन पावलं आत गेले, कपाटातल्या काळ्या ढेकळाकडे त्यांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"संपलं सगळं," ते म्हणाले. "शेवटच्या वर्षाचे चारही गठ्ठे."

चार गठ्ठे म्हणजे एकशेसाठ उत्तरपत्रिका. परीक्षा होऊन निकाल लागला होता, पण तपासलेल्या उत्तरपत्रिका विभागानं वर्षभर जपून ठेवायच्या असा कॉलेजचा नियम होता. सफाई कामगारानं फावडं घातलं, ढेकूळ एका दणक्यात बाहेर आलं आणि मागच्या उकिरड्यावर गेलं. चौकशी म्हणतात ती तेवढीच झाली.

मग दोषी शोधायचा होता, आणि ते काम तर दोन मिनिटांचं. विभागप्रमुखांनी सांगितलं की पाणी चढत होतं त्या दुपारी साडेतीन वाजता त्यांनी स्वतः चारही गठ्ठे दादांच्या हातात दिले आणि वर न्यायला सांगितलं. दादा म्हणजे कॉलेजचे शिपाई, सव्वीस वर्षांच्या नोकरीचे. त्यांनी आळसानं ते पुन्हा कपाटात कोंबले असणार, दुसरं काय. प्राचार्यांनी मान हलवली. ही मान अशा प्रसंगी नेहमी खालच्या बाजूला हलते, वर पाहण्याची तिला सवय नाही.

संध्याकाळपर्यंत निलंबनाचं पत्र निघालं. शनिवारी समितीची बैठक, आणि ठपका कायम झाला की दादांची नोकरी जाणार. कॉलेजच्या मागच्या दोन खोल्यांत ते बायको-मुलीसह राहत, त्याही जाणार.

हे सगळं ग्रंथपालबाईंनी व्हरांड्यात उभं राहून पाहिलं. बाई तीस वर्षं त्या कॉलेजात होत्या आणि तिथल्या माणसांबद्दलचं त्यांचं मत दरवर्षी थोडं खालीच गेलं होतं. पत्र हातात घेऊन दादा त्यांच्याकडे आले.

"ताई, सरांनी मला गठ्ठे दिलेच नाहीत," ते म्हणाले. "उलट म्हणाले, माझ्या कपाटाला हात लावू नकोस, माझं मी बघतो."

बाईंचा त्यांच्यावर विश्वास बसला. पण पत्राच्या खाली प्राचार्यांनी एक ओळ जोडली होती, ती त्यांनी दोनदा वाचली. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं आपली उत्तरपत्रिका बघायला मिळावी म्हणून अर्ज केला होता. तो अर्ज पुराच्या दिवशी सकाळीच आला होता, आणि ती विद्यार्थिनी दादांची मुलगी होती.

२

त्या पुरात कॉलेजनं काय केलं, हे सांगितलं तर परक्या माणसाला थट्टा वाटेल. प्राचार्यांना सगळे पाठीमागे 'परिपत्रक' म्हणत. पाणी रस्त्यावर आलं तेव्हा त्यांनी पहिलं परिपत्रक काढलं, की पाणी आवारात शिरणार नाही याची सर्वांनी दक्षता घ्यावी. पाणी आवारात शिरलं तेव्हा दुसरं काढलं, की सर्व विभागांनी आपली कागदपत्रं पहिल्या मजल्यावर हलवावीत. मग ते बारा वाजताच घरी गेले. पहिल्या मजल्यावरच्या सगळ्या वर्गांच्या किल्ल्या त्यांच्या खिशात होत्या, त्याही घरी गेल्या.

उघडं राहिलं ते फक्त ग्रंथालय, कारण त्याची किल्ली बाईंकडे होती. त्यामुळे टेबलं, नोंदवह्या, सूक्ष्मदर्शक, संगणक, सगळा संसार जिन्यानं वर येऊन ग्रंथालयातच कोंबला गेला. खालच्या वाचनकक्षात बाईंची जुनी पुस्तकं होती. ती दादांनी पाठीवरून वर आणली, संध्याकाळी होडी येईपर्यंत. होडीवाल्यानं सांगितलं होतं की माणसागणिक हातात मावेल एवढंच सामान. त्याच होडीत विभागप्रमुखही होते, हातात छत्री आणि छातीशी स्वतःचं मानचिन्ह. दादांच्या हातात काहीच नव्हतं.

आता तळमजला वाळेपर्यंत सगळे वर्ग ग्रंथालयातच भरत होते, सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा, पाळीपाळीनं. एक तास संपतो तोच दुसऱ्या वर्गाची मुलं दारात. बाई सकाळी कुलूप काढत आणि संध्याकाळी स्वतः लावत.

या गोंधळात एकच चमत्कार झाला होता. विभागप्रमुखांना शिकवण्याची गोडी लागली होती. अकरा वर्षांत त्यांनी ग्रंथालयाचा उंबरा ओलांडला नव्हता आणि आपले तास ते नेहमी कुणातरी हंगामी शिक्षकाच्या गळ्यात मारत. आता मात्र ते रोज स्वतः येत, तासाच्या आधी येत, तास संपल्यावर रेंगाळत. परीक्षाबाई तर गहिवरल्या होत्या. पुरानं माणसं कशी बदलतात बघा, असं त्या जो भेटेल त्याला सांगत. ग्रंथपालबाईंचा अनुभव असा, की पुरानं भिंती बदलतात, माणसं नाही.

चौकशी समितीत प्राचार्य आणि परीक्षाबाई होत्या. तिसऱ्या म्हणून ग्रंथपालबाईंना घेतलं होतं, कारण इतिवृत्त लिहायला अक्षर बरं असलेलं माणूस हवं होतं. त्यांनी वही उघडली आणि विभागप्रमुखांना जबानीसाठी बोलावलं. ते आले, आणि भिंतीतल्या एका पुस्तकांच्या कपाटाला पाठ टेकून उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

बाईंनी विचारलं, गठ्ठे कसे होते, सुटे की बांधलेले? तपासून झाल्यावर मी स्वतः सुतळीनं बांधले होते, ते म्हणाले. प्रत्येक उत्तरपत्रिका दोनदा वाचतो मी, मुलांचं नुकसान नको. दादांच्या हातात देताना कुणी पाहिलं? कुणी नाही. पोच घेतली?

विभागप्रमुख हसले. "बाई, शिपायाला काही दिलं तर त्याची कुणी पोच घेतं का?"

हे मात्र खरं होतं. त्या कॉलेजात शिपायाच्या हातात वस्तू द्यायची ती तोंडी, आणि हरवली की दोष द्यायचा तो लेखी. बाईंनी उत्तर जसंच्या तसं उतरवून घेतलं.

विभागप्रमुख गेल्यावर त्यांचं लक्ष त्या कपाटाकडे गेलं. मधल्या फळीवर विभागप्रमुखांच्याच ग्रंथाच्या एक्केचाळीस प्रती होत्या. मूल्यमापन या विषयावरचा जाडजूड ग्रंथ, नाव दोन ओळींचं. कॉलेजनं तो विकत घेतल्यापासून एकाही वाचकानं नेला नव्हता. आतल्या तारखांच्या चिठ्ठ्या कोऱ्या करकरीत होत्या. त्या कपाटाला कुलूपही नव्हतं, कारण चोरानं प्रत नेलीच असती तर तेवढी शिक्षा त्याला पुरे होती. प्रती आज फळीच्या कडेबाहेर चार बोटं पुढे आल्या होत्या. ओलीनं फुगल्या असतील, असं म्हणून बाई वहीकडे वळल्या.

त्याच वेळी खाली वाचनकक्षातून सुताराची हाक आली. पुस्तकं निघत नाहीत, फळीच कापावी लागणार.

३

वाचनकक्षातली सर्वांत खालची रांग वर न्यायला वेळ मिळाला नव्हता. ती तीन दिवस पाण्यात होती. साधा कागद पाणी पितो आणि फुगतो, आणि गच्च लावलेली पुस्तकं फुगली की ती फळीत अशी अडकतात की पहारीनंही हलत नाहीत. सुतारानं करवतीनं बाजूची फळी कापली तेव्हा कुठे एकेक पुस्तक सुटलं. बाईंनी ती वर नेऊन दोरीवर उघडी टांगली. दोन दिवसांच्या वाऱ्यात पानं सुटी झाली, शाईचा मजकूर बराचसा वाचताही येत होता. ओला कागद मरत नाही, फक्त त्याच्याकडे लक्ष द्यावं लागतं.

फळी कापली जात असताना बाईंच्या मनात ते ढेकूळ आलं. चाळीस-चाळीस उत्तरपत्रिकांचे चार गठ्ठे कपाटाच्या खणात कोंबलेले, तीन दिवस पाण्यात. ते एका फावड्यात बाहेर येतात? कुठेतरी पाणी मुरत होतं.

बाई तडक मागच्या उकिरड्याकडे निघाल्या. वाटेत प्राचार्य भेटले आणि या वयात चिखलात कशाला जाता म्हणाले. बाई म्हणाल्या, समितीपैकी कुणीतरी एकदा पुरावा बघावा म्हणते. प्राचार्यांनी रुमाल पुन्हा नाकाला लावला आणि वाट सोडली.

ढेकूळ उन्हात वाळून विटेसारखं घट्ट झालं होतं. बाईंनी नळाखाली धरून वरचा गाळ धुतला. ज्यात उत्तरं लिहितात तो कागद स्वस्त आणि खरखरीत. वाळला की त्याचं पान पानापासून सुटतं. इथे पानं एकमेकांना अशी चिकटली होती की नखही शिरत नव्हतं. असं फक्त गुळगुळीत, चकचकीत कागदाचं होतं. बाईंनी पेन्सिल कापायच्या चाकूनं कोपरा सोलला, आणि त्यांच्याकडे बघून प्राचार्य हसले.

प्राचार्यांचा फोटो होता तो, रंगीत, सत्कार स्वीकारतानाचा. खालच्या पानावर पुन्हा तेच, वृक्षारोपण करताना. त्याखाली दीपप्रज्वलन करताना. कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या न खपलेल्या प्रतींची ती चळत होती. स्वतःच्या सोळा फोटोंना रुमालाआडून उत्तरपत्रिका समजून प्राचार्यांनी मान हलवली होती.

म्हणजे उत्तरपत्रिका बुडाल्याच नव्हत्या. त्या कपाटात पाणी येण्याआधीच नव्हत्या. मग त्या होत्या कुठे, आणि कुणाला त्या बुडालेल्या हव्या होत्या?

४

बाईंनी फोटोची गोष्ट कुणाला सांगितली नाही. त्या कॉलेजात गुपित सांगणं म्हणजे फलकावर लावणं. आणि एवढ्यानं दादा सुटत नव्हते. गठ्ठे दादांनीच काढून दुसरीकडे नष्ट केले, असं म्हणायला प्राचार्यांना कितीसा वेळ लागला असता?

परीक्षाबाईंना त्यांनी दुपारी चहाच्या वेळी गाठलं. चौकशीची वही पुढे दिसली की परीक्षाबाई लगेच कानावर हात ठेवत. आपला काय संबंध, आपण तर परीक्षा संपली त्याच दिवशी चारही गठ्ठे कापडात शिवून, गाठीवर लाख लावून, आपला शिक्का मारून विभागप्रमुखांकडे दिले. सही आहे त्यांची. पुढे त्यांनी ते फोडले, तपासले आणि आठव्या दिवशी गुणांची यादी आणून दिली. आठव्या दिवशी! बाकीच्या विभागांना महिना लागतो.

"आणि इतके समतोल गुण हो," परीक्षाबाई म्हणाल्या. "एकही नापास नाही, एकही साठीच्या वर नाही. एकाचीही कुरकूर नाही."

बाईंनी यादी मागितली. एकशेसाठ जण, आणि सगळे अठ्ठेचाळीस ते छप्पन्नच्या आत. त्या आठ दिवसांतले पाच दिवस विभागप्रमुख बाहेरगावी परिषदेला गेले होते, मूल्यमापनातली पारदर्शकता या विषयावर भाषण द्यायला. त्यांच्या भाषणाचं कात्रण फलकावर अजून होतं. उरले तीन दिवस. तीन दिवसांत एकशेसाठ उत्तरपत्रिका, त्याही दोनदा वाचून.

संध्याकाळी बाई दादांच्या घरी गेल्या. भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ होती. दादांची बायको कपडे बांधत होती, शनिवारची वाट न बघता. मुलगी दारात बसली होती. तिनं बाईंकडे वर पाहिलं नाही. माझ्यामुळे बाबांवर आलं, एवढं ती दोनदा म्हणाली. बाईंनी तिला रागावून विचारलं, की अर्ज का केला होतास ते सांग आधी, रडायचं नंतर बघू.

मुलीनं सांगितलं ते असं. तिला एक्कावन्न गुण मिळाले. पेपर चांगला गेला होता, पण त्याचंही तिला एवढं वाटलं नव्हतं. शेजारच्या बाकावर तिची मैत्रीण होती. ती तापात पेपरला आली होती, दहा मिनिटांत चक्कर येऊन पडली आणि तिला घरी नेलं. वर आसनक्रमांक लिहिला होता, बाकी उत्तरपत्रिका कोरी.

"आणि तिला किती मिळाले?" बाईंनी विचारलं.

"चोपन्न, मॅडम."

५

आता बाईंना काय झालं ते कळलं होतं. उत्तरपत्रिका कुणी वाचल्याच नव्हत्या. गुण बसल्या जागी डोक्यातून काढून लिहिले होते, कुणाला दुखवायचं नाही आणि कुणाला चढवायचं नाही अशा हिशेबानं. असल्या गोष्टीची बाईंना चीड आली, पण आश्चर्य वाटलं नाही. अकरा वर्षांत त्यांनी या माणसाला एक पुस्तक नेताना पाहिलं नव्हतं. जो छापलेलं वाचत नाही, तो पोरांचं हस्ताक्षर कशाला वाचेल?

मुलीचा अर्ज सकाळी आला, आणि दुपारपर्यंत पाणी. अर्जाप्रमाणे उत्तरपत्रिका दाखवायची तर गठ्ठ्याची लाख फोडावी लागणार, आणि आतल्या एकाही पानावर लाल रेघ नाही. कपाट दादांनी हलवलं असतं तर त्यांना शिवलेले, शिक्क्यासकट गठ्ठे दिसले असते. म्हणून, माझं मी बघतो. गठ्ठे त्यांनी स्वतः उचलले, इथपर्यंत बाईंना शंका नव्हती.

पण नेले कुठे? पाण्यात टाकले नसणार. लाख पाण्यात विरघळत नाही. गाळातून गठ्ठे वर आले असते तर शिक्के जसेच्या तसे घेऊन आले असते. घरीही नेले नव्हते, होडीत त्यांच्या हातात छत्री आणि मानचिन्ह होतं, हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. उशीएवढे चार गठ्ठे छत्रीत मावत नाहीत. वरच्या वर्गांच्या किल्ल्या प्राचार्यांच्या खिशात. म्हणजे...

बाई ग्रंथालयातच बसल्या होत्या आणि समोर विभागप्रमुखांचा तास चालू होता. साठ मुलं फरशीवर, खुर्च्यांवर, संगणकांच्या खोक्यांवर बसलेली. फळा एका टोकाला होता. विभागप्रमुख फळ्याजवळ जातच नव्हते. ते दुसऱ्या टोकाला, त्याच कपाटाला पाठ लावून शिकवत होते, आणि खांद्याला मोठी रिकामी पिशवी होती. छत्रीखेरीज हातात काही न धरणाऱ्या माणसाला पिशवी कशाला? तास संपला, पुढचा वर्ग आत घुसला, आणि ते पिशवी तशीच रिकामी घेऊन चरफडत बाहेर पडले. चार दिवस हेच चाललं होतं. बिचाऱ्यांना एक मिनीटसुद्धा एकांत मिळत नव्हता.

बाईंनी कपाटाकडे पाहिलं. एक्केचाळीस प्रती, चार बोटं पुढे आलेल्या. ओलीनं फुगल्या, असं त्यांनी स्वतःच म्हटलं होतं आणि स्वतःच मान्य केलं होतं. पहिल्या मजल्यावर पाणी आलंच कुठे होतं? आणि पुस्तक फुगतं ते जाडीत फुगतं, शेजाऱ्याला दाबतं. मागून कुणी ढकलल्यासारखं पुढे येत नाही. हे ज्ञान त्यांना सुताराची करवत ऐकताना होतं, आणि नेमकं या कपाटासमोर नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो त्यांनी चांगला चार दिवस घातला होता. त्यांना पहिल्यांदाच स्वतःबद्दल तेच वाटलं जे त्यांना कॉलेजातल्या इतर सगळ्यांबद्दल वाटत असे.

त्या उठल्या नाहीत. हात घालून बघण्याचा मोह त्यांनी आवरला. एकटीनं काढले तर उद्या म्हणतील की बाईंनीच ठेवले. शनिवारला दोन दिवस होते, आणि ते दोन दिवस त्यांनी आपलं टेबल ओढून त्या कपाटासमोर मांडलं.

६

शनिवारी बैठक ग्रंथालयातच झाली, कारण दुसरी जागा नव्हती. मुलांना तासभर बाहेर काढलं होतं. प्राचार्य मध्ये, परीक्षाबाई उजवीकडे, विभागप्रमुख साक्षीदार म्हणून समोर. दादा दाराशी उभे होते. त्यांना बसा म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही.

प्राचार्यांनी ठराव आधीच टंकून आणला होता. निष्काळजीपणा, हेतुपुरस्सर नुकसान, मुलीचा अर्ज, सेवामुक्ती. बाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाल्या, इतिवृत्तात लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. त्यांनी सोललेलं ढेकूळ टेबलावर ठेवलं. प्राचार्यांनी आपल्याच फोटोकडे बराच वेळ पाहिलं. हा कुठला, त्यांनी विचारलं. बुडालेल्या उत्तरपत्रिकांतला, बाई म्हणाल्या.

"आणि दुसरं, सरांचा ग्रंथ. तो आजवर कुणी नेला नाही. म्हटलं, आज समितीनंच काढावा."

त्यांनी टेबल बाजूला सरकवलं आणि परीक्षाबाईंना प्रती काढायला सांगितल्या. परीक्षाबाईंनी पाच-पाच करून प्रती खाली ठेवल्या. पहिल्याच खेपेला मागचं पांढरं कापड दिसलं, आणि शेवटच्या खेपेपर्यंत सगळंच. चार गठ्ठे एकाला एक लागून उभे होते, कोरडे ठणठणीत.

विभागप्रमुखांचा चेहरा उतरला, पण जीभ जागेवर होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या सुरू झाल्या.

"बघा! दादानंच इथे आणून दडवले."

"शक्य आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि वहीतून त्यांची जबानी वाचली. प्रत्येक उत्तरपत्रिका दोनदा वाचली. तपासून सुतळीनं बांधले. मग त्यांनी एक गठ्ठा परीक्षाबाईंच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, हा शिक्का कुणाचा?

परीक्षाबाईंनी गाठ उलटसुलट करून पाहिली. लाखेला चीरही नव्हती. शिवण त्यांचीच होती, कोपऱ्यात धागा कमी पडला तिथे निळा लावलेला, त्यांना आठवत होतं. त्यांनी दुसरा बघितला, तिसरा, चौथा. ज्यांच्या समतोलपणाबद्दल त्या महिनाभर गहिवरत होत्या, त्या एकशेसाठ उत्तरपत्रिका परीक्षेच्या दिवसापासून उघडल्याच नव्हत्या.

"सर," त्या अगदी हळू म्हणाल्या, "न फोडता कसे हो तपासलेत?"

याचं उत्तर त्या जाडजूड ग्रंथात नव्हतं. विभागप्रमुखांनी पिशवीचे बंद आवळून धरले. पिशवी त्यांच्या मांडीवर होती, अजून रिकामीच.

आता प्राचार्य काहीतरी बोलतील असं परीक्षाबाईंना वाटलं, आणि ते बोललेही. त्यांनी ठराव घडी करून खिशात घातला. म्हणाले, झालं ते झालं. गठ्ठे सापडले एवढंच लिहू या, कसे सापडले याच्या तपशिलात नको जायला. संस्थेचं नाव आहे. दादांचं निलंबन मागे, तेही खूश. तुकडीचे गुण तेच राहू देत, निकाल पुन्हा कशाला उघडायचा? हे सगळं सांगताना त्यांचा आवाज परिपत्रकासारखाच होता. विभागप्रमुखांच्या चेहऱ्यावर रंग परत येताना बाईंनी पाहिला, आणि त्यांना उबग आला. बोलावं कुणाशी? हे असंच मिटणार, एकमेकांच्या पांघरुणात.

"दादा," प्राचार्य म्हणाले, "हे चार गठ्ठे माझ्या खोलीत नेऊन ठेवा."

दादा दारापासून पुढे आले, गठ्ठ्यांपाशी थांबले, आणि त्यांनी हात मागे घेतले.

"नेतो साहेब," ते म्हणाले. "पोच लिहून द्या."

प्राचार्यांना आधी कळलंच नाही. शिपाई पोच मागतो, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. दादांनी समजावून सांगितलं, आवाज न चढवता, जसं नव्या माणसाला जिना दाखवावा तसं. माझ्या हातात काय दिलं ते कागदावर असू दे. गेल्या खेपेला नव्हतं, म्हणून आज मी इथे उभा आहे.

ग्रंथपालबाईंनी वहीतला कोरा कागद फाडून प्राचार्यांपुढे ठेवला आणि पेनाचं टोपणही काढून दिलं. तीस वर्षांत त्यांना त्या इमारतीत इतका आनंद कधी झाला नव्हता, आणि तो त्यांनी लपवला नाही. प्राचार्यांनी लिहिलं, चार गठ्ठे, आजच्या तारखेला, शिपायाच्या ताब्यात दिले. सही करायला गेले तर दादांनी कागदावर बोट ठेवलं.

"शिक्के शाबूत, न फोडलेले, असं लिहा. वाटेत मी फोडले म्हणाल उद्या."

प्राचार्यांचं पेन थांबलं. ते लिहिलं की मग एकशेसाठ गुण कुठून आले हे कुणीही विचारू शकत होतं, आणि एक मुलगी तर अर्ज करून विचारतच होती. त्यांनी परीक्षाबाईंकडे पाहिलं. परीक्षाबाई पहिल्यांदाच खाली बघत नव्हत्या. दादा वाट बघत उभे राहिले, हात मागे बांधून, आणि गठ्ठ्यांना त्यांनी बोटही लावलं नाही. बाहेर जिन्यात पुढच्या तासाची मुलं जमू लागली होती.

प्राचार्यांनी लिहिलं. दादांनी कागद घेऊन पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, खाली विभागप्रमुखांचीही सही घेतली, तिघांच्या समितीच्या घेतल्या, आणि घडी करून वरच्या खिशात ठेवला. मग त्यांनी दोन गठ्ठे या काखेत, दोन त्या काखेत घेतले आणि दार पायानं उघडलं.

"मुलीला सांगा, सोमवारी उत्तरपत्रिका बघायला ये म्हणावं," ग्रंथपालबाई मागून म्हणाल्या. "आणि मैत्रिणीलाही आण."